पाचवी सायकल

उद्यमनगरात आधी एकच लेथ होता, असं म्हणतात.
म्हणतात म्हणजे मगदूम मामाच म्हणायचे,
दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही.
शाफ्ट झाला, पण त्यात चावीची खाच पाडणार कोण?
म्हणून शेजारी शिकलगारांचा शेपर आला.
खाच झाली, दाते राहिले,
म्हणून मागच्या बोळात बाळकू लोहार.
दाते पडले, पण मऊ.
पोलादाला पाणी द्यावं लागतं, नुसतं कापून भागत नाही,
म्हणून भट्टी.
अशी गल्ली झाली.
नकाशा नंतर आला, आणि तोही चुकीचा.

मी लुनावरून जॉब पोचवायचो.
पायाशी पोतं, पोत्यात कोमट बुशिंगं,
खिशात चलन बुक.
या दारातून त्या दारात,
स्वतःचं दार नसलेला माणूस.

नवा कुणी आला की विचारायचा,
"काम कुणाकडं मिळंल?"
सगळी बोटं एकाच दिशेला.
ज्याच्या दारात चार सायकली
पाचवीही तिथंच टेकते.
मामांच्या कुंपणाला इतक्या टेकल्या
की कुंपण आत वाकलं,
आणि समोर विलास तारळेकर,
मामांइतकंच बारीक माप काढणारा,
दिवसभर मायक्रोमीटर पुसत बसायचा.

एकच्या भोंग्याला डबे उघडायचे.
कुणी कुणाजवळ बसायचं ते ठरलेलं नव्हतं.
ज्यानं ज्याचं ड्रिल उसनं नेलं
तो त्याच्याकडं सरकला,
त्याच्या दोस्ताला ह्यानं खर्डा वाढला,
झालं.
वर्षभरात प्रत्येक घोळक्याची भिशी,
दोन वर्षांत प्रत्येकाची वेगळी शिवी.
नळाजवळचे ग्राइंडरवाल्यांना नावं ठेवायचे,
ग्राइंडरवाले नळाला.

बाहेर जाणारी वाट मात्र बारीक.
शिकलगारांची धाकटी बहीण इचलकरंजीला दिली होती,
एवढंच.
तिच्या दिराच्या मागाची पुली तुटली
आणि कापडी पिशवीतून, एस.टी.नं,
सोमवारी, नेमकी सुट्टीच्या दिवशी आली.
त्या पुलीच्या मागोमाग निम्म्या गावाचे माग आले.
घोळक्यातले एकमेकांना तेच ते सांगतात,
जे सगळ्यांना कालच माहीत असतं.
नवी गोष्ट
वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याकडं असते.

मामांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी
मी सांगायला निघालो
आणि जिथं गेलो तिथं मशीन आधीच बंद.
माझ्या लुनाच्या पुढं काय पळालं होतं
ते अजून कळलेलं नाही.

मग तीन आठवडे गल्ली चाचपडत होती.
खाच पाडणारा होता, दाते पाडणारा होता,
पण एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती,
सगळं त्या एका टेबलावरून जायचं.
लोक येऊन टेबलासमोर उभे राहायचे.
काहीजण रिकाम्या खुर्चीला दर विचारून गेले,
मी खोटं सांगत नाही.

शेवटी कुणाला तरी माझा खिसा दिसला.
एकोणीस वर्षांची चलनं, ट्रंकेत कार्बन कॉप्या,
प्रत्येकीवर ग्रीसचा अंगठा:
कुणाकडून कुणाला, किती नग, बाकी किती.
लोहाराला पहिल्यांदा समजलं
की त्याचे दाते सगळी वर्षं
कुणाच्या भट्टीत लाल होत होते.
दोघांची घरं एकाच चौकात.
एकमेकांकडं बघून आधी लाजले, मग भांडले,
मग जुनी उधारी काढून बसले.

आता गुडघा नाही म्हणतो, लुना भंगारात गेली.
काल शिकलगारांची नात आली, आफरीन,
डिप्लोमा झालेली, स्वतःची मशीन घेतलेली.
"काका, टर्निंगला जास्तीचं काम आहे, कुणाकडं देऊ?
सगळे हायवेवरच्या मोठ्या शेडचं नाव घेतात."
मला माहीत होतं. तिथं पार्किंगला वॉचमन आहे.
मी म्हटलं, तारळेकराकडं जा.
"ते अजून करतात?
त्यांच्या दारात तर एकही गाडी नसते."
"तुझी लाव की."

संध्याकाळी भाजी आणायला त्या बाजूनं गेलो,
मुद्दामच.
दोन गाड्या होत्या.
एक तिची.
दुसरी बहुतेक लाईटबिलवाल्याची.